मशीनच्या आवाजाआड

३ मार्च, मंगळवार

आजही सकाळचा भुंगा राहिला!

भुंगा म्हणजे माझं वाफेचं यंत्र, नेब्युलायझर. चालू केलं की अख्खं घर घोंघावतं. म्हणून बाथरूममध्ये नेते, आरशाशेजारच्या प्लगला लावते आणि नळ सोडून बसते, म्हणजे आवाज झाकला जातो. औषधाची वाफ ओढायची, मग कुणाकडून तरी पाठ थोपटून घ्यायची, छातीतला चिकट कफ सुटा करायचा, खोकून काढायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रोज. जन्मभर. नाही केलं तर तो कफ आत साचतो आणि फुप्फुसं खराब करतो. सिस्टिक फायब्रोसिस — जन्मापासून सोबत आहे, रुसून जाणाऱ्यातला नाही.

पण बाथरूम एकच. आत गेले, नळ सोडला, तोंडाला मास्क लावला — बाहेरून सासूबाई, "अगं, पाणी केवढं वाहून चाललंय!" बंद केलं सगळं. सकाळची पाळी होती, पळाले तशीच.

त्यांना खरं माहीतच नाही. लग्न ठरताना नवऱ्याने सांगितलं, "तिला थोडा दमा आहे." थोडा! तेव्हा त्यांच्या नणंदेने विचारलं होतं, मुलगी धडधाकट आहे ना? आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "दिसतेय की!" त्या "दिसतेय की"ला मी अजून धरून बसलेय.

५ मार्च, गुरुवार

बसस्थानकावर आज गर्दी. मी काचेच्या खोलीत, माइकसमोर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाचं मूल हरवलं, कुणाची छत्री सापडली — दिवसभर बोलायचं. दोन घोषणांच्या मध्ये माइक बंद करून खोकून घ्यायचं, ही विद्या मला आता छान जमते. गाडी उशिरा आली की बरं वाटतं. प्रवासी वैतागतात, मी मनसोक्त खोकते.

डबा खाताना तिकीट खिडकीवालीने बघितलंच. "रोज जेवताना कसल्या गोळ्या गं?"

"जीवनसत्त्वं."

जेवणाबरोबर त्या घेतल्या नाहीत तर अन्न पचत नाही, पोट कळा देतं, वजन उतरतं. हे डबा उघडून सांगायची गोष्ट आहे का?

६ मार्च, शुक्रवार

सकाळचा राहिला. संध्याकाळचा अर्धा झाला. पाठ थोपटायला कुणी नाही — नवरा फ्रीज नि एसी दुरुस्त करतो, ऊन तापलं की तो घरात दिसेनासा होतो.

८ मार्च, रविवार

युक्ती सापडली! सासूबाई पडदे शिवतात. पायमशीन आहे त्यांचं, जुनं, खडखड करणारं. ते आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच. त्या शिवायला बसल्या की मी दार लावून भुंगा सुरू करायचा. खडखडीत घूंघूं कुठच्या कुठे हरवतं. आज पूर्ण औषध ओढलं. किती दिवसांनी!

जेवताना मात्र फसलं. गोळ्या मुठीत धरल्या होत्या, तेवढ्यात त्या शेजारीच येऊन बसल्या. बटाट्यांवर हा एवढा लोण्याचा गोळा घातला. "खा. हाडं वर आलीत तुझी." मूठ उघडताच येईना. लोणी खाल्लं, गोळ्या तशाच राहिल्या. दुपारभर पोट धरून पडले. दाराबाहेरून नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या हातचं हिला आवडत नाही वाटतं."

तेवढं ऐकून मात्र रडू आलं.

११ मार्च, बुधवार

दवाखाना. नळीत फुंकलं. फुप्फुसांच्या ताकदीचा आकडा घसरलाय. पुन्हा फुंकलं, जीव काढून. तोच.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "औषध बदलायचं नाहीये. आहे ते घ्यायचंय. घरी पाठ कोण थोपटतं?"

मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने बुटांकडे.

रस्त्यात तो म्हणाला, "मी आज आईला सांगतो."

"नाही."

"अगं, पण का? ती काय खाणार आहे तुला?"

"आजारी सून असं नको त्यांनी बघायला माझ्याकडे. आत्ता कुठे भाजी चिरायला सोबत बोलावतात."

"आणि आकडा?"

घरी येईपर्यंत अबोला.

१२ मार्च, गुरुवार

अजून बोलत नाही तो. पण सकाळी उठले तर भुंग्याचे कप उकळून, स्वच्छ रुमालावर पालथे घालून ठेवलेले. वेडा.

१६ मार्च, सोमवार

व्हायचं ते झालंच. घोषणेच्या ऐन मध्यात उबळ आली. माइक बंद करायला हात गेला तो चुकला. सगळ्या स्थानकाने ऐकलं. कर्ण्यांतून माझा खोकला, फलाटाफलाटावर! थांबेचना. डोळ्यांपुढे काजवे. शेवटी तिकीट खिडकीवाली धावत आली, तिने बटण बंद केलं, पाणी दिलं.

मग साहेब. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. "बाई, गैरसमज नको. पण क्षय वगैरे तर नाही ना? इथे शेकडो लोक येतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मगच या."

हा आजार कुणाला लागत नाही, साहेब. जन्माला येताना आणावा लागतो. हे सगळं मनात. तोंडाने फक्त "बरं" म्हटलं.

घरी सांगितलं, सुट्टी घेतलीय.

१७ मार्च, मंगळवार

आजचं नीट लिहून ठेवायचंय.

सकाळी नवरा कामावर गेला. मी खोलीत, दार लावून, मशीनची वाट बघत. थोड्या वेळाने खडखड सुरू झाली. मी भुंगा लावला. अर्धी वाफ झाली असेल, वीज गेली. भुंगा गप्प. पलीकडे मशीन चालूच, त्याला कुठे वीज लागते? दोनचार खडखडी झाल्या आणि तेही थांबलं. घर एकदम शांत. आणि भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज —

"थांबला का गं तुझा तो?"

माझ्या हातातला मास्क तसाच. दार उघडून बाहेर गेले. त्या मशीनवर बसलेल्या, पाय पट्टीवर. मशीनवर पडदा नव्हता. चिंधीसुद्धा नव्हती. सुईत दोरा नव्हता.

"आई, तुम्ही काय शिवत होतात?"

"काही नाही."

"मग?"

"परवापरवापर्यंत शिवायचे खरंच. मग लक्षात आलं, मी बसले की तुझं ते सुरू होतं. मी उठले की बंद. काम आता तेवढं येत नाही. पण तुझं थांबायला नको ना."

मी तिथेच फरशीवर बसले.

"माहीत होतं तुम्हाला?"

"काय आहे ते नाही माहीत. दम्याचं नाही एवढं कळतं. कान आहेत मला. तू लपवत होतीस, म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल." मग जरा थांबून, "भीती वाटते का माझी?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही. मग सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, कफ, घसरलेला आकडा, साहेबांची चिठ्ठी, सगळं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "आणि मी म्हणत होते, हिला माझ्या हातचं आवडत नाही."

वीज आली. भुंगा आपोआप घोंघावायला लागला खोलीत. "जा, पुरं कर," म्हणाल्या.

१८ मार्च, बुधवार

भुंगा आता जेवणाच्या टेबलावर. पाण्याच्या तांब्याशेजारी. पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा.

२० मार्च, शुक्रवार

सासूबाई दवाखान्यात आल्या. हट्टाने. व्यायाम शिकवणाऱ्या ताईने त्यांना पाठ कशी थोपटायची ते दाखवलं — तळहात वाटीसारखा करायचा, चापट मारायची नाही, पोकळ आवाज आला पाहिजे. सासूबाईंनी आधी ताईच्याच पाठीवर करून बघितलं. मग माझ्या. पण इतकं हळू, की जणू धूळ झटकतायत.

"अहो आजी, जोरात! तुटणार नाही ती."

"तुला काय माहीत," म्हणाल्या. पण जोर लावला.

चिठ्ठीही मिळाली: आजार संसर्गजन्य नाही.

२४ मार्च, मंगळवार

कामावर रुजू. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. कानाच्या पाळ्या लाल. "आधी सांगायचंत ना बाई. सकाळच्या पाळीऐवजी दहाची पाळी देतो." इतकं सोपं होतं? मी उगाच एवढे महिने...

तिकीट खिडकीवालीने जेवताना तिची खुर्ची मुद्दाम माझ्या जवळ ओढली. "जीवनसत्त्वं घे," म्हणाली. हसलो दोघी.

संध्याकाळचं थोपटणं आता मालिकेच्या वेळेला. सासूबाई टीव्हीकडे बघत माझी पाठ थोपटतात. जाहिराती लागल्या की हात मऊ. ती कारस्थानी जाऊ पडद्यावर आली की धपाधप! आज तिने नायिकेच्या दुधात काहीतरी कालवलं, आणि माझा सगळा कफ एका दमात सुटला. नवरा म्हणतो, मालिकेच्या लेखकाला पेढ्यांऐवजी कफ पाठवू या. शी!

२९ मार्च, रविवार

सासूबाईंना सर्दीताप. मला जवळ फिरकू देत नाहीत. खरंय, मला लागलं तर महिनाभर निस्तरावं लागेल. तोंडाला रुमाल बांधून दाराआडून हुकूम सोडतात: "गोळी घेतली? कप उकळले?"

पाठ नवऱ्याकडे. दिवसभर गच्च्यांवर उन्हात एसी बसवून आलेला. थोपटता थोपटता हात मंदावला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. उठवलं नाही. आजचं अर्धंच झालं. असू दे.

२ एप्रिल, गुरुवार

भांडले. त्यांच्याशी. मीच.

कामावरून दमून आले, चप्पल काढते न काढते तोच, "भुंगा लावलाय भरून, ये." आणि माझं टाळकं सटकलं. "एक दिवस! फक्त एक दिवस मला काही नकोय. वाफ नको, पाठ नको, काळजी नको! मी माणूस आहे, यंत्र नाही!"

त्यांनी भुंग्याचा प्लग काढला. वायर गुंडाळून ठेवली. स्वयंपाकघरात गेल्या.

जेवायला बसलो तर माझ्या ताटाशेजारी गोळ्या. म्हणाल्या, "ती सुट्टी तुझी. पण जेवणाला सुट्टी नाही." आवाजात राग नव्हता. मी गोळ्या घेतल्या. जेवले. मग मीच वायर सोडली.

थोपटताना हात किती जपून पडत होता आज.

९ एप्रिल, गुरुवार

आकडा चढला! फार नाही. पण खालून वर, हे महत्त्वाचं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात आपटला आनंदाने.

कडक ऊन. घामाघूम होऊन घरी पोचले, दारातूनच ओरडले, "आई, वाढला!" त्या आल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. सासूबाई मुके घेणाऱ्यातल्या नाहीत. मी बघतच राहिले.

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. चेहरा बदलला.

"तुझा घाम नेहमी असाच असतो? इतका खारट?"

"हो. या आजाराची खूणच आहे ती. घामातून मीठ फार जातं. पूर्वी तपासण्या नव्हत्या, तेव्हा म्हणे आयांना बाळाचा मुका घेतल्यावरच कळायचं, काहीतरी वेगळं आहे."

त्या खुर्चीवर बसल्या. पाणी दिलं, प्यायल्या नाहीत. संध्याकाळी मालिका लावली नाही. जेवल्या नाहीत. माझं काही चुकलं का?

१० एप्रिल, शुक्रवार

सकाळी पाठ थोपटून झाली, तरी त्या माझ्या मागेच बसून राहिल्या. मला तोंड दिसत नव्हतं.

"ह्याच्या आधी मला एक मुलगी होती," म्हणाल्या. "सारखी प्यायची, तरी अंगी लागायचं नाही. खोकायची. मुका घेतला की ओठांना मीठ. वर्षाचीही झाली नाही. सगळे म्हणाले, आईच्या दुधातच कस नाही. मीही तेच धरून बसले गं, इतकी वर्षं."

नवऱ्याला बहीण होती हे त्यालाही ठाऊक नाही. त्याला सांगायचंय, हा दोष त्याच्याही रक्तात दडलाय का याची तपासणी करून घ्यायचीय — ते सगळं नंतर. मी वळून त्यांचे हात धरले. तिला हेच होतं का, ते आता कोणी सांगू शकणार नाही. तसं म्हटलंही. "पण आई, तुमच्या दुधाचा दोष नव्हता."

मग म्हणाल्या, "परत म्हण."