पहिला फेरा

१८ जानेवारी, रविवार

बाबा,

आज नळ उशिरा आला. कपडे धुतले, दोन वेळची भाजी एकदाच करून ठेवली. अकराच्या सुमारास खाप्याहून एका पेंटरचा फोन आला. तिथल्या बागेला तुमचं नाव देत आहेत आणि फाटकाजवळच्या फलकावर तुमची गोष्ट लिहायची आहे. त्याने मजकूर वाचून दाखवला. मुलीने आवाज ऐकला, एवढ्यावरून ज्यांनी भर जत्रेत स्वतःचा पाळणा थांबवला, ते आपले नगरसेवक. "ताई, बरोबर आहे ना? उद्या रंगवून टाकतो," तो म्हणाला. संध्याकाळी सांगते म्हणून मी फोन ठेवला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, तुम्ही होतात तेव्हाही नाही.

आजोबांचा माग होता. तुम्हाला त्यावर बसवेना, म्हणून तुम्ही आकाशपाळणा घेतला आणि जत्रेमागून जत्रा करत राहिलात. पाळणा उभा झाला की तुम्ही एकेक नट आवळायचे, त्यावर पान्याची टिचकी मारायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. मग पहिला फेरा घरच्यांचा. आई आणि मी डोलीत बसायचो, खाली गर्दी बघत राहायची, आणि आम्ही हसत उतरलो की मगच तिकिटं फाटायला लागायची. पाळणेवाल्याच्या घरचं माणूस बसल्याशिवाय गावचं माणूस बसत नाही, हे तुम्ही मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. वर गेल्यावर मी तुम्हाला शोधायची. तुम्ही माझ्याकडे बघत नसायचे, चाकाकडे बघायचे. त्याचा मला राग यायचा.

पाचवीपासून मला शिकायला शहरात, लकडगंजात मावशीकडे ठेवलं. माझ्या वडिलांचा लाकडाचा धंदा आहे, असं मी शाळेत सांगितलं होतं. तिथे बहुतेकींच्या वडिलांचा तोच होता, त्यामुळे पुन्हा कोणी विचारलं नाही. तुम्हाला हे माहीत नव्हतं.

सहावीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे आले होते, कन्हानच्या काठावरच्या जत्रेत. पाळणा उभा आहे. आई डोलीत बसली आहे आणि मला हात देते आहे. समोर, गर्दीच्या पहिल्याच रांगेत, माझ्या वर्गातली एक मुलगी वडिलांचं बोट धरून उभी आहे. ती वर पाळण्याकडे बघते आहे, तिने अजून मला पाहिलेलं नाही. मी आईचा हात सोडते.

"बस ना वं," तुम्ही म्हणता.

"मी नाही बसत."

"काहून?"

मला दुसरं काही सुचत नाही. "आवाज येऊन राहिला."

तेवढ्यात मागून एकजण म्हणतो, "काय गा पाळणेवाले, तुही पोरगी बसत नाही, तं आमी काहून मरावं?" लोक हसतात. तुम्ही हसत नाही. आईला खाली उतरवता आणि भोंग्यावर स्वतः सांगता की पाळणा बंद आहे. मी तंबूमागे जाऊन बसते. ती मुलगी दुसऱ्या पाळण्याकडे निघून जाते.

दोन दिवस तुम्ही बेअरिंगं काढून रॉकेलमध्ये धूत होतात. जत्रा आमच्या अंगावरून चालली होती. आई म्हणाली, लेकरू आहे, तिच्या बोलण्यावर काय जाता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिले खोटं बोलाचं काय काम?" मी तिथेच उभी होते, तुम्हाला फडकं देत. तुम्हाला काही सापडलं नाही. काही नाही तर उद्या चालू करा, असं सगळे सांगत होते. सापडत नाही तेच वाईट, असं तुम्ही म्हणालात. पुढच्या महिन्यात पाळणा तोडून लोखंडाच्या भावात विकला. घ्यायला दुसरा पाळणेवाला तयार होता, त्याला दिला नाहीत. कोणाचं तरी लेकरू त्यात बसलं असतं, म्हणून.

मग खाप्यात घर केलं आणि काही वर्षांनी निवडणुकीला उभे राहिलात. तुम्हाला भाषण येत नव्हतं, ही एकच गोष्ट येत होती. "माह्या पोरीनं सांगतलं, मी थांबवला. तुमीबी सांगा, मी थांबवतो." मला शेजारच्या खुर्चीवर बसवायचे. मी कॉलेजात होते, पदर सावरून खाली बघत बसायची. लोक माझ्याकडे बघायचे आणि तुम्हाला मत द्यायचे. दोनदा निवडून आलात. पाण्याची नवी टाकी असो की शाळेचा कठडा, उद्घाटनाआधी तुम्ही पान्याची टिचकी मारायचे. विरोधक तुम्हाला टिचकीवाला म्हणायचे, त्याचं तुम्हाला हसू यायचं. पण दारात आलेल्या कोणत्याही बाईची तक्रार तुम्ही खोटी धरली नाही. चप्पल घालून तिच्यासोबत निघायचे.

धंतोलीतल्या दवाखान्यातला शेवटचा आठवडा. दुपार होती, सलाईन लावलेलं, आई मावशीकडे डबा आणायला गेली होती. तुम्ही डोळे उघडलेत. "एक सांग वं. तो आवाज कोन्या बाजूनं येत होता?"

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"डावीकडून," मी म्हणाले.

"तिकडचं बेअरिंग म्या चारदा पाह्यलं," तुम्ही म्हणालात, आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिलात. मी तुमच्या अंगावरची चादर नीट केली.

बाबा, आवाज आला नव्हता. पाळणा चांगला होता. तुमचा कानही शेवटपर्यंत चांगला होता.

मघाशी पेंटरला फोन केला. "मुलीने आवाज ऐकला" हे काढून "मुलगी नको म्हणाली" असं लिहायला सांगितलं. त्याने विचारलं, "त्याने काय फरक पडते, ताई?" मी म्हटलं, काही नाही, तसंच लिहा. एवढंच मला जमलं. बाकीचं या कागदावर आहे, आणि हा कागद मी आईलाही दाखवणार नाही.

कुकरची दांडी दोन दिवसांपासून ढिली आहे. आता तिचा स्क्रू आवळला, वर चमच्याची एक टिचकी मारली, आणि एका माणसाचा भात लावला.