भिंतीवरची चिमी

आईस, तुझ्या उनाड लेकाचा दंडवत.

मी बरा आहे, खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या धाकट्या चिमीला शिष्यवृत्ती देणारं चर्च इथलंच निघालं. त्यांचा हॉल मीच पुसतो. भिंतीवर तिचा फोटो लावलाय. तिथल्या बाई मला कौतुकाने सांगत होत्या, "बिचारीच्या घरात कमावणारं कुणीच नाही."

हे बाबांनी कळवलं का? मग मी पाठवतो ते काय आभाळातून पडतं? पण बोललो तर तिची शाळा सुटायची. फडकं पिळलं नि पुढची फरशी पुसायला घेतली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पुढच्या फोटोत तिला मी धाडलेला निळा स्वेटर घालायला लाव. इथे कुणाला कळणार नाही. मला दिसेल.

तुझा,
न कमावणारा थोरला