अण्णांनी हुंगलेली व्हिस्की

ढोकी

प्रिय बुद्धघोषदादा,

अण्णांचं पुण्यानुमोदन काल झालं. कारखान्यातले त्यांचे जुने सोबतीही आले होते. आई बरी आहे, म्हणजे उठते, बसते, चहा घेते. फोनवर तू रडत होतास आणि माझ्याभोवती बायका बसलेल्या, म्हणून तेव्हा बोलता आलं नाही ते लिहिते.

तुझा मित्र योगीराज गावी आला, त्याच्या हाती तू पाठवलेली बाटली अण्णांच्या शेवटच्या आठवड्यात पोचली. आईनं ती ज्वारीच्या कोठीमागं सारली. पंचशील म्हणणाऱ्या घरात दारू, तीही पोराच्या हातची! जन्मभर डिस्टिलरीत काम करून अण्णांनी कधी थेंब घेतला नाही, आणि तू स्कॉटलंडला व्हिस्कीच्या कामाला गेलास म्हणून तुझ्याशी बोलणं टाकलं. पण ओट्यावर डोळे मिटायला लावून उसाच्या मळीच्या वाट्या हुंगायला आपल्याला त्यांनीच शिकवलं ना? बिघडलेली मळी तू नेहमी माझ्याआधी ओळखायचास.

त्यांचं खाणं सुटलं तेव्हा मला राहवलं नाही. तू कळवलं होतंस तशी वाटीत थोडी ओतली, पाण्याचे थेंब सोडले, जरा थांबले. शील मोडतंय की काय, या भीतीनं पुढं केलेली वाटी परत मागं घेतली. अण्णा म्हणाले, "हुंगल्यानं शील मोडत न्हाय, येडे. आण हिकडं."

तोंड किंचित उघडं ठेवून त्यांनी वास घेतला. गूळ, म्हणाले. मग मोसंबीची साल. मग वाटी फिरवून पुन्हा हुंगली. "हे एका घरचं न्हाय." मी सांगितलं, दादाची कंपनी स्वतः गाळत नाही, वेगवेगळ्या भट्ट्यांची पिंपं विकत घेते, नुसत्या मोड आणलेल्या जवाच्या, काही धुरावर वाळवलेल्या जवाच्या, माल्ट व्हिस्क्या एकमेकींत जुळवते आणि आपल्या नावानं बाटल्या भरते. ही जुळणी दादाची. "भांडत न्हाईत एकमेकींत," एवढंच बोलले. वाटी मात्र छातीशी धरून ठेवली. आईनं मागितली तरी दिली नाही.

दादा, अण्णांच्या मनाविरुद्ध केलं, आता नोकरी सोडतो, असं तू फोनवर म्हणालास. राजीनामा देण्याआधी हे वाच. त्यांनी तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते तसं म्हणाले नाहीत, आणि त्यांच्या तोंडी शब्द घालायचं धाडस माझ्यात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चमच्यानं पाणी पाजत होते, तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं देते: "धूर जरा जास्त झालाय. पुढच्या खेपंला कमी घाल म्हणावं त्याला."

तुझीच,
पौर्णिमा