दादाचे मासे गार ठेवायचे आहेत

४ मे, सकाळी
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाळामुळे नाही, ती मस्त घोरत होती. दादाच्या माशांमुळे. दादा तीन आठवडे कामाला बाहेरगावी गेलाय आणि त्याचा फिशटँक काल आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवून गेलाय. आठ मासे. आमचे हे पसंत नाहीत म्हणून माझ्या लग्नाला दादा आला नाही, नंतर दोन वर्षं बोलला नाही. बाळ झालं तेव्हा आला, आणि आता मासे. म्हणजे भरवसा टाकलाय. एखादा जरी मेला तरी परत गप्प बसेल. म्हणून उठून उठून मोजत होते. दर वेळी आठच भरले.
म्हणाला, पाणी तापू देऊ नकोस, रोज टँकमधला पारा लिहून ठेव. म्हणून ही वही. सातवीनंतर पेन आत्ता हातात येतंय. पारा ३०.

५ मे, दुपारी
३१. काही अवघड नाही. टँकचा दिवा बंद, झाकण काढलं, पडदा ओढला, टेबलफॅन पाण्यावर लावला. फॅन एकच आहे. आमचे हे म्हणाले, मग आम्ही काय करायचं? म्हटलं, तुम्ही मासे आहात का?

७ मे
३२. बाटल्या गोठवून पाण्यात सोडते. वितळली की दुसरी. एक मोठा, चपटा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा आहे, त्याला मी साहेब म्हणते. तो बाटलीला टेकून उभा राहतो. बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही.

८ मे
शोध लागला! टँकच्या कोपऱ्यात काचेची दांडी आहे, वर आकड्यांचं बटण. दादा म्हणाला होता, दांडीला हात लावायचा नाही. बाळासाठी म्हणाला असेल, शॉक बसेल म्हणून. ही गार करायची मशीन. आकडा फक्त २५ वर! एवढ्या उन्हात! आमच्या फ्रिजचा आकडा वाढवला की जास्त गार होतं, तसंच हे. शेवटच्या आकड्यावर नेला, ३४. लाल दिवा लागला. चालू झाली एकदाची.

९ मे
३३. मशीनला जम बसायला वेळ लागतो. हे म्हणाले, दांडी गरम लागतेय गं. म्हटलं, फ्रिजची पाठ पण गरम असते, आतून गारच असतो ना?

११ मे
३४. मशीन जरा आळशी आहे, मध्येच दिवा विझतो. बर्फाची बाटली टाकली की लगेच कामाला लागते. आम्ही दोघी मिळून ओढतोय.
मासे सारखे वर येऊन तोंड उघडतात. लळा लागलाय.

१२ मे
दादाचा फोन. मासे काय म्हणतात? म्हटलं, मजेत, सारखे मला भेटायला वर येतात. एकदम गप्प झाला. मग विचारलं, पारा किती? म्हटलं, हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही. आणि ठेवला. रेंज आमच्याकडे कमीच असते.

१३ मे, दुपारी
दोन छोटे आडवे पडलेत. जेवून झोपले असतील.

१३ मे, संध्याकाळी
झोपले नव्हते.
बाळाला कडेवर घेऊन टँकचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेले. तसेच दोन द्या म्हटलं. त्याने सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, ती दांडी म्हणजे हीटर. थंडीत पाणी गरम करायचा. तुम्ही शिजवताय त्यांना. म्हटलं, पण मी बर्फ पण घालते ना! त्याने कपाळाला हात लावला. मासे दिलेच नाहीत. म्हणाला, आधी घरी जाऊन प्लग काढा, पाणी हळूहळू गार होऊ द्या.
धावत आले. प्लग काढला.

१४ मे, सकाळी
३०. साहेब खाली गेलाय, पंख हलवतोय. आणखी एक छोटा गेला. पाच राहिले.
दादाचे तीन मिस्ड कॉल. दहा वाजता स्वतः लावणार. सरळ सांगणार, चूक झाली, तू नको म्हणाला होतास.

१४ मे, दुपारी
दहाला बाळ रडत होतं. अकराला दादा कामात असतो. बाराला नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आधी कापला. यांना म्हटलं, तुम्ही लावा. म्हणाले, माझा आवाज ऐकून तर तो मासेच काय, तुलाही विसरेल.
घाबरलेय, झालं. मासे गेल्याचं सांगता येईल. पलीकडून काहीच बोलला नाही तर काय करू? दोन वर्षं तेच ऐकलंय.
वही दाराजवळ उघडी ठेवतेय. दादाचा नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. साहेब धरून पाच आहेत म्हणावं. दांडी मीच फिरवली म्हणावं. आणि बाळाला बघायला येशील ना, एवढं विचारा. मी आतल्या खोलीत आहे, झोपलेली नाही. जो कोणी हे वाचेल त्याने कृपा करून माझ्या दादाला फोन लावा.