काळी काच

सोमवार, ४ नोव्हेंबर, हॅनोव्हर
आकडा पुन्हा पाहिला. क्वांटम युक्तीने दाबलेल्या प्रकाशाचा गोंगाट, म्हणजे त्याची बारीक थरथर, साध्या लेझरच्या बरोबर अर्धा! आता या प्रकाशाने हवा तपासली, तर तिच्यातला चिमूटभर अमोनियाही गोंगाटात लपणार नाही. माझी विद्यार्थिनी योरून हिला मात्र तळघरातल्या टेबलावर तीच मांडणी करून गोंगाट फक्त नऊ टक्क्यांनी कमी करता येतो. तिचा प्रबंध त्यावरच अडलाय. सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, आरसे पुसतेस की चाटतेस? असले आकडे वहीत लिहू नकोस." सगळे हसले. तीही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
आमच्या प्रयोगशाळेत चूक करणाऱ्याने केक आणायचा. योरूनने आणला. "चूक सापडली नाही, पण माझीच असणार," म्हणाली. मी दोन तुकडे खाल्ले. वर सल्ला दिला — टेबलावरची मांडणी मोड, पहिल्यापासून मांड.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
माझ्या टेबलावर लेझरच्या वाटेत काळी काच सापडली. जुळवणी करताना प्रकाशमापक जळू नये म्हणून मीच लावलेली, निम्मा प्रकाश अडवणारी. साध्या लेझरचं माप काचेविना घेतलं, दाबलेल्याचं काचेतून. प्रकाशच निम्मा, मग गोंगाट निम्मा होणारच! अर्धे लोक उठून गेले की सभा शांत होते, त्यात वक्त्याचं कसब काय? बरोबर अर्धा — तेव्हाच शंका यायला हवी होती.
काच काढून मोजलं. फरक शून्य. माझा प्रकाश दाबला गेलाच नव्हता.

बुधवार, १३ नोव्हेंबर
सांगितलं नाही. योरून जिन्यात भेटली. "मायनेके सर, तुमच्यासारखं माझं का होत नाही?" म्हणालो, "होईल." थू माझ्यावर.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
केक भाजला. तळ करपला. हेला म्हणाली, "तू आणि केक? काय फोडलंस?" बायकोलाही खोटं सांगितलं — एक आरसा.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
केक ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. कुणी हसलं नाही. योरूनने एवढंच विचारलं, "म्हणजे माझे नऊ टक्के खरे होते?" हो म्हणालो. ती केकला हात न लावता निघून गेली.

शनिवार, १६ नोव्हेंबर
तळघरात उतरलो. तिचं टेबल रिकामं. आरसे लख्ख पुसून कागदात गुंडाळलेले. वहीत चार नोव्हेंबरचं पान — वर तारीख, खाली एकही आकडा नाही. दोन्ही मीच सांगितलं होतं.