थंड फोन

मंगळवार, दिवेलागण

फोन थंड होता. तेच मनातून जात नाही.

रोगामुळे शाळा बंद. गावात नेटवर्क नाही, म्हणून दहावीतली माझी नात स्वाती शेतातल्या मचाणावर चढून क्लास करते. तिला कोणी त्रास देऊ नये म्हणून मी खाली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसतो. आज तिची मैत्रीण नाझिया आली, तर मी लांबूनच काठी हलवली.

"जाय माय घरी. क्लास चालू आहे तिचा. अन् रोग फिरून राह्यला."

बिचारी आल्या वाटेनं परत गेली.

स्वाती उतरल्यावर फोन हातात घेतला. क्लासनंतर तापलेला असतो ना? हा थंडगार.

"काहून वं, क्लास नव्हता?"

"तो कधीचाच बंद पडला, आबाजी. पोरंच येत नव्हती."

"मंग वर काय करतं?"

"तिथून शाळेचं छप्पर दिसते. वाटते, कोणी येईन."

नाझिया परत जाताना तिला वरून दिसलीच असेल. तरी स्वाती मला रागावून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

उद्या तोंडाला दुपट्टा बांधून नाझियाच्या दारी जातो. तिचा बाप पाठवेल का? आणि मचाणावर दोघी लांब-लांब बसतील एवढी जागा कुठे आहे? सकाळी आधी दोन बांबू वाढवतो.