कार्ड माझं, लिमिट त्याचं

अण्णा, तुमच्या मुलानं मला फसवलं. माझा भाऊ म्हणायला आत्ता जीभ वळत नाही, म्हणून तुमचा मुलगा. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण हे ऐकायला दुसरं कोण आहे? आई असती तर तिनं उलट मलाच गप्प केलं असतं.

हडपसरला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. तुम्ही पाहिलं नाही. गेल्या महिन्यात कणीक मळायचं मशीन बंद पडलं. दोन बायका आणि मी, हातानं किती मळणार? नवीन घ्यायला गेले आणि बँकेनं दिलेलं क्रेडिट कार्ड पुढं केलं. दुकानदारानं दोनदा लावून पाहिलं. "बाई, हे चालत नाही, लिमिट पुरत नाही म्हणतंय. दुसरं आहे का?" मागे चार गिऱ्हाईकं उभी. मी हे एकच उभ्या जन्मात दोनदा वापरलेलं, दुसरं कुठून आणू? तशीच बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "लिमिट वाढवून द्या, यात माझं भागत नाही." तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "काकू, लिमिट तीनदा वाढवलंय. वापरूनही संपलंय. बँकॉकचं हॉटेल, विमानाची तिकिटं..." मी म्हटलं, "अहो, मी कात्रजच्या पुढं गेले नाही, बँकॉकला कुठली जाते!" ती हसली नाही. म्हणाली, "दर वेळी तुमच्या मोबाईलवर सहा आकडी नंबर आलाय. तो दिल्याशिवाय लिमिट वाढत नाही."

नंबर दिला होता, अण्णा. मीच दिला होता. त्याचा फोन यायचा, "ताई, मेसेज आला असेल बघ, आकडे वाच." मी पिठाचा हात पुसून वाचायचे, एकेक आकडा, मोठ्यानं. कार्ड त्यानंच काढून दिलं होतं, बिलं त्याच्याच ई-मेलवर जात होती. मी विचारत नव्हते. बँकेतल्या मुलीनं विचारलं, "आकड्यांच्या आधी काय लिहिलं होतं?" मी म्हटलं, "इंग्रजी होतं." तर म्हणे त्यात लिहिलेलं असतं, हा नंबर लिमिट वाढवण्यासाठी आहे, कुणालाही सांगू नका.

इंग्रजी आलं की मी डोळे उचलते आणि भावाकडे बघते. ही सवय तुमची. मी चौथीत आहे, शाळेतून आलेय, आणि तुम्ही प्रेसमधून लवकर घरी आलाय. हातात दोन पुड्या. एकीतून त्याच्यासाठी टाय निघतो, नव्या इंग्रजी शाळेचा. दुसरीतून माझ्यासाठी पोळपाट. म्हणालात, "घरात एकाला इंग्रजी आलं की सगळ्यांना आलं." दोघांची फी झेपत नाही, हे नाही म्हणालात. तेवढं म्हणाला असतात तर मला समजलं असतं. मी खूष झाले होते हो, पोळपाट नवा होता. पुढं एकदा त्याचं पुस्तक उघडून चित्रं बघत बसले तर तुम्ही ओरडलात, "तिकडे पोळी करपतेय, तुला काय करायचंय त्यात?" तेव्हापासून नाही बघितलं. जे इंग्रजी घरात आलं ते त्याच्या हातात. तीस-पस्तीस वर्षं.

हिंजवडीला त्याच्या घरी गेले. म्हणाला, "ताई, मी भरणारच होतो. बोनस येऊ दे. तुला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं, "नाही कळत. कळू नये म्हणूनच मला घरी बसवलं होतं." त्याची बायको चहा ठेवून आत गेली. मी विचारलं, "बँकॉकहून मला चॉकलेटं आणलीस, ती कुणाच्या पैशाची?" खाली बघून म्हणाला, "तक्रार करू नकोस. कंपनीत कळलं तर नोकरी जाईल. अण्णा काय म्हणाले असते?"

तुमचं नाव घेतलं त्यानं, अण्णा. तोवर मी नुसती भांडायला गेले होते. पुढचे हप्ते भरत बसले असते, केंद्र विकायची पाळी आली असती तरी गप्प बसले असते. तुमचं नाव काढलं आणि मी चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी बँकेत तक्रार दिली. फॉर्म इंग्रजीत. त्या मुलीला म्हटलं, "मोठ्यानं वाचा, मग लिहा, मग परत वाचा." मागच्यांचा खोळंबा झाला तर होऊ दे. एके ठिकाणी तिनं विचारलं, "हे आपले कोण लागतात?" मी म्हटलं, "ओळखीचे." तिनं मान वर केली. आडनाव एकच होतं ना, माहेरचं, माझ्या कार्डावरही तेच आहे. पण तिनं तसंच लिहिलं आणि मी सही केली.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकायचंही नाही. तुम्ही समोर असतात तर ती सही मी केली नसती, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही नाही याचं मला त्या दिवशी, पहिल्यांदाच, बरं वाटलं.